घरचं रेडिओ स्टेशन: सुरुवात दुकानातून नको, गच्चीवरून करा

२०२५ च्या जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात होते, तेव्हा शिलाँगच्या अवकाश केंद्रात जमलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांना प्रश्न विचारले आणि त्यांनी वरून उत्तरं दिली. त्या बातम्यांमध्ये एक शब्द सारखा येत होता: हॅम रेडिओ. आमच्याच इमारतीत राहणाऱ्या दहावीतल्या एका मुलीने ते पाहिलं आणि जिन्यात मला गाठलं. "काका, म्हणजे आपल्या घरून पण असं बोलता येतं?"

येतं. अवकाश स्थानक आपल्यापासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं. मुंबईहून नागपूर याहून लांब आहे. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही, त्यामुळे थोड्या वॅटचा रेडिओही तिथपर्यंत पोहोचतो. खरं कठीण काम वेगळंच आहे: कऱ्हाडच्या एका गच्चीवरून नागपूरला, गोव्याला, पुढे जपानला आवाज पोहोचवणं. त्या मुलीला चार-पाच संध्याकाळी गच्चीवर बसून जे समजावलं, तेच इथे लिहितो आहे.

हॅम म्हणजे कोण?

रेडिओलहरींचे काही पट्टे जगभर हौशी लोकांसाठी राखून ठेवलेले आहेत. परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या यंत्रावरून त्या पट्ट्यांत एकमेकांशी बोलणारा माणूस म्हणजे हॅम. आकाशवाणीसारखं एकाने बोलायचं आणि हजारांनी ऐकायचं, असं इथे नसतं. गाणी लावायची नाहीत, धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही, सांकेतिक गुप्त भाषा नाही. जे बोलाल ते उघड, कोणीही ऐकू शकेल असं.

प्रत्येकाला एक कॉलसाइन मिळतो, म्हणजे हवेतलं नाव. भारतातले कॉलसाइन बहुधा 'व्हीयू' ने सुरू होतात. पुढे २ असेल तर साधारणपणे तो जनरल श्रेणीचा परवानाधारक, ३ असेल तर रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा. राजीव गांधींचा कॉलसाइन व्हीयू२आरजी होता. हे नाव जगात दुसऱ्या कोणाचं नसतं, आणि ते पहिल्यांदा स्वतःच्या तोंडून हवेत उच्चारताना घसा कोरडा पडतो. माझा पडला होता.

आधी परवाना, मग खरेदी

नवशिक्यांची पहिली चूक इथेच होते. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी दिसते, मागवली जाते. ती चालू करून बटण दाबलं की आपण नक्की कोणाच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो आहोत हे कळतही नाही. ती पोलिसांची असू शकते, विमानतळाची असू शकते. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीवर बंधनं घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच कारणाने. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्याशा पट्ट्यातले कमी शक्तीचे संच सोडले, तर वॉकीटॉकीला परवाना लागतो. आणि हा नियम नुसता बोलण्यापुरता नाही, परवान्याशिवाय प्रक्षेपक घरात बाळगणंही गुन्हा आहे.

परवाना देणारं खातं म्हणजे दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग. अर्ज 'सरल संचार' या सरकारी पोर्टलवर होतो, सध्याचं शुल्कही तिथेच दिसतं. वय किमान १२ वर्षं हवं. परीक्षेचे दोन भाग: एक रेडिओचं तंत्र, दुसरा नियम. तंत्राचा भाग बारावीच्या भौतिकशास्त्राला घाबरत नसाल तर सहज जमतो, आणि घाबरत असाल तरी दोन महिन्यांच्या अभ्यासाने जमतो. ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर, अँटेना, रिसीव्हरचे टप्पे, एवढाच पसारा आहे. जवळचा हॅम क्लब शोधा. मुंबई-पुण्यात जुने क्लब आहेत आणि शिकवायला तयार असलेली माणसं त्यांत भेटतात.

"मोर्स यावाच लागतो का?" हा प्रश्न दर वेळी येतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. जनरलसाठी मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो. शक्तीची मर्यादा जनरलला जास्त आहे, पण पहिली दोन वर्षं रिस्ट्रिक्टेड पुरून उरतो.

परवाना येईपर्यंत कान तयार करा

परीक्षेनंतर कागदपत्रांची पडताळणी असते, वेळ जातो. हा वेळ मला फार मोलाचा वाटतो, कारण हॅमचं निम्मं कसब ऐकण्यात आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. ब्राउझर उघडायचा, फ्रिक्वेन्सी फिरवायची आणि ऐकायचं. असे रिसीव्हर जगभर आहेत. एक वही घ्या आणि वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाचा कॉलसाइन, आवाज कसा होता, हे लिहीत जा. पंधरा दिवसांत कानाला वळण लागतं. कोण कधी थांबतो, दुसरा कधी शिरतो, नाव कसं फोडून सांगतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, 'सेव्हन्टी थ्री' म्हणजे शुभेच्छा, 'सीक्यू' म्हणजे "कोणी आहे का, बोलायचं आहे". या सरावात वाढलेला माणूस पहिल्या दिवशी गोंधळत नाही.

लाट आणि तिची लांबी

आता मूळ गोष्ट. रेडिओलहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. फ्रिक्वेन्सी म्हणजे ती सेकंदाला किती वेळा हेलकावे घेते. दहा लाख हेलकावे म्हणजे एक मेगाहर्ट्झ. एका हेलकाव्यात ती जेवढं अंतर कापते ती तिची तरंगलांबी. तोंडी हिशेब सोपा आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण ४२ मीटर, १४.२ ला २१ मीटर, १४५ ला २ मीटर. म्हणूनच हॅम मंडळी पट्ट्यांना '४० मीटर', '२० मीटर', '२ मीटर' अशी हाक मारतात. फ्रिक्वेन्सी वाढली की लाट आखूड होते, हे एवढं डोक्यात पक्कं ठेवा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

कॅरमची कड

२ मीटरची लाट जवळपास सरळ जाते. समोर डोंगर आला की अडते. म्हणून त्या पट्ट्यावर उंच टेकड्यांवर रिपीटर बसवतात. टेकडीवर उभा राहिलेला, दोन्ही दऱ्यांतलं ऐकू येणारा आणि ऐकलेलं मोठ्याने पुन्हा सांगणारा माणूस, तसा हा रिपीटर. हातातल्या ५ वॅटच्या संचावरून रिपीटरमार्फत शे-दीडशे किलोमीटरवर गप्पा होतात, त्या अशा.

४० आणि २० मीटरच्या लाटांना दुसरी सोय आहे. जमिनीपासून काहीशे किलोमीटर वर, सूर्याच्या माऱ्याने हवेतले कण विद्युतभारित होतात. त्या थराला आयनोस्फिअर म्हणतात. कॅरमवर सोंगटी सरळ रेषेत नसली की आपण स्ट्रायकर कडेवर मारून परतवतो ना, तशीच ही लाट त्या थरावरून परतून खाली येते. जमिनीवरून पुन्हा उसळते, पुन्हा वर जाते. अशा दोन-तीन उड्यांत ती युरोपात पोहोचते.

ही कड दिवसभर सारखी नसते. दिवसा खालच्या बाजूला एक आणखी थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लाटा बऱ्याच शोषून घेतो. त्यामुळे ४० मीटरवर दिवसा आपल्या राज्यात, शेजारच्या राज्यांत बोलणं होतं. सूर्य मावळला की तो खालचा थर विरून जातो आणि त्याच तारेवर हजारो किलोमीटरवरचे आवाज येऊ लागतात. २० मीटरचं साधारण उलट: तो दिवसाचा पट्टा. शिवाय सूर्यावरच्या डागांचं सुमारे ११ वर्षांचं चक्र असतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी सध्याचं चक्र शिखराच्या टप्प्यावर असल्याचं जाहीर केलं. म्हणजे आत्ता सुरुवात करणाऱ्याला आकाश बरंच अनुकूल आहे.

तार: स्टेशनचा खरा आवाज

लोक मला विचारतात, कोणता रेडिओ घेऊ? मी विचारतो, गच्ची किती लांब आहे? हे टाळाटाळीचं उत्तर नाही. महागडा रेडिओ आणि वाईट अँटेना यांची जोडी म्हणजे उत्तम गवई आणि त्याच्या तोंडावर बांधलेलं फडकं. साध्या रेडिओला चांगली तार मिळाली तर तो बोलतो, आणि मुख्य म्हणजे ऐकतो.

सगळ्यात साधी आणि माझ्या मते पहिल्या माणसासाठी सगळ्यात चांगली अँटेना म्हणजे डायपोल. अर्ध्या तरंगलांबीची तार मध्ये तोडायची आणि तोडलेल्या जागी केबलचे दोन धागे, मधली तार आणि भोवतीची जाळी, दोन बाजूंना जोडायचे. बस. तंबोऱ्याची तार विशिष्ट लांबीला आणि ताणाला विशिष्ट स्वरात लागते, तशी ही तार तिच्या लांबीप्रमाणे एका फ्रिक्वेन्सीला 'लागते'. त्या फ्रिक्वेन्सीला ती आपली शक्ती हवेत सहज सोडून देते. लांबी कमी केली की स्वर चढतो. तंबोऱ्यासारखंच.

हिशेब असा: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी सुमारे २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. १४.२ साठी प्रत्येक बाजूला ५ मीटरच्या आसपास. (अर्धी तरंगलांबी म्हणजे खरं तर १५० भागिले मेगाहर्ट्झ. पण खऱ्या तारेत टोकांच्या परिणामामुळे थोडी कमी लांबी पुरते, म्हणून १४३.) घरातल्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चालते, वरचं प्लास्टिक काढायचीही गरज नाही. प्लास्टिकमुळे लांबी किंचित आणखी कमी लागते एवढंच. मध्यभागी ॲक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा तुकडा, टोकांना नायलॉनची दोरी. पाण्याच्या टाकीजवळ एक खांब उभा करून तारेचा मध्य त्यावर न्यायचा आणि दोन्ही टोकं गच्चीच्या कठड्याकडे उतरवायची. वरून पाहिलं तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, बाजूने पाहिलं तर कौलारू छपरासारखी दिसते. गच्ची आखूड असेल तर टोकं वळवून खाली सोडा. थोडं नुकसान होतं, पण काम होतं.

कापताना तार नेहमी जास्त लांब ठेवा. प्रत्येक बाजूला १० सेंटिमीटर कमी केले की ७ मेगाहर्ट्झवर स्वर साधारण ७० किलोहर्ट्झने वर सरकतो. थोडं दुमडायचं, मोजायचं, पुन्हा थोडं दुमडायचं. कापलेली तार परत लांब होत नाही म्हणून मी आधी दुमडतो, पक्कं झाल्यावरच कापतो.

मोजायचं कसं? इथे एक शब्द लागतो: एसडब्ल्यूआर. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं टोक झटका देऊन हलवा. लाट गजापर्यंत जाते आणि परत येते, कारण पुढे जायला वाट नाही. रेडिओतून निघालेली शक्ती अँटेनाने नीट स्वीकारली नाही की तशीच मागे फिरते. किती मागे फिरली त्याचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. १ म्हणजे सगळं स्वीकारलं. १.५ ला सुमारे ४ टक्के परत येतं, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. दीडच्या आत आलं की समाधान माना. १.५ वरून १.१ वर आणण्यासाठी रविवार घालवणारे मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्या टोकाला कोणाला तो फरक ऐकूही येत नाही. हल्ली नॅनोव्हीएनए नावाचं तळहातावर मावणारं मापक मिळतं. रेडिओच्या आधी ते घ्या, इतकं ते उपयोगी आहे.

कमी उंचीची तार असली तर निराश होऊ नका. जमिनीपासून सहा-आठ मीटरवरचा ४० मीटरचा डायपोल आपली बरीचशी शक्ती थेट वर फेकतो, कारंज्यासारखी. ती वरून परतून चारही बाजूंना तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात पडते. अमेरिका गाठायला हे वाईट, पण कऱ्हाडहून नाशिक, सोलापूर, पणजी गाठायला याहून चांगलं काही नाही. सह्याद्री मध्ये असूनही! कारण लाट डोंगराच्या आडून जातच नाही, डोंगराच्या डोक्यावरून येते.

केबल, आणि टेलचं शेत

ऊस-भागात कालव्याचं पाणी कसं वाटलं जातं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना केबल समजावून सांगावी लागत नाही. हेडला पाणी भरपूर. पाट कच्चा असेल तर वाटेत मुरत जातं आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला नुसती ओल येते. रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल हा तो पाट आहे. आणि इथे एक जास्तीची मेख आहे: फ्रिक्वेन्सी वाढते तसं मुरणंही वाढतं.

आरजी-५८ नावाची पातळ केबल सगळीकडे मिळते. तिच्या ३० मीटरमधून ७ मेगाहर्ट्झवर शक्तीचा साधारण पाऊण भाग वर पोहोचतो. ठीक आहे, चालेल. पण तीच केबल १४५ मेगाहर्ट्झवर वापरलीत तर १० वॅटमधले सुमारे अडीच वॅट वर जातात. बाकीची केबल तापवण्यात गेली. जाड आरजी-२१३ वापरली तर निम्म्याहून थोडे जास्त पोहोचतात. आणि हे नुकसान दोन्ही वाटांनी होतं. वरून येणारा क्षीण आवाजही तेवढाच मुरतो, तो मात्र रेडिओची शक्ती वाढवून भरून निघत नाही. म्हणून २ मीटरसाठी केबल जाड आणि शक्य तितकी आखूड.

टीव्हीची केबल घरात पडलेली असते, ती चालेल का? ती ७५ ओहमची, रेडिओ ५० ओहमचे. एका इंचाच्या पाइपाला पाऊण इंची पाइप जोडल्यासारखं थोडं मागे फिरतं, पण ऐकण्यासाठी आणि कमी शक्तीसाठी चालून जातं. जोड मात्र पावसापासून जपा. केबलच्या तोंडातून आत गेलेलं पाणी जाळीतून मीटर-मीटर खाली उतरतं आणि पुढच्या वर्षी अख्खी केबल टाकून द्यावी लागते. आमच्याकडच्या पावसाने माझी एक केबल अशीच खाल्ली. रबराची स्वतःला चिकटणारी पट्टी घट्ट ताणून गुंडाळा आणि केबल खाली झुकवून एक झोळ द्या, म्हणजे थेंब जोडाकडे न जाता झोळातून गळतील.

मग रेडिओ कोणता?

गावाजवळ चालू रिपीटर असेल तर हातातला ५ वॅटचा २ मीटरचा संच हा स्वस्त आरंभ. गच्चीवर त्याच्यासाठी पाव तरंगलांबीची अँटेना लावा. हातभर, म्हणजे जेमतेम ४९ सेंटिमीटरची सळई आणि खाली तेवढ्याच चार सळया. संचाच्या रबरी शेपटीपेक्षा पुष्कळ फरक पडतो. रिपीटर नसेल तर २ मीटरवर एकटं पडायला होतं आणि उत्साह मावळतो. अशा ठिकाणी सरळ ४० मीटरपासून सुरू करा.

४० मीटरसाठी नवा १०० वॅटचा संच महाग असतो, हे खरं. पण १०० वॅटऐवजी ५ वॅट असतील तर समोरच्याच्या मीटरवर आवाज जेमतेम दोन घरं खाली येतो, शांत पट्ट्यावर तो आरामात वाचता येतो. आणि इथे आपल्याच देशातलं एक काम मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. हैदराबादचे अशर फरहान, व्हीयू२ईएसई, यांनी 'बिट्‌एक्स' नावाचा संच आखला. सहा वॅटचा, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांचा. कॉइलसाठी आयात केलेल्या वलयांऐवजी त्यांनी नळाच्या वॉशरवर तार गुंडाळायला सांगितलं! आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज जगभरात लोक तो बांधतात. सोल्डरिंगचा हात असेल तर याहून चांगली शाळा नाही, कारण बिघडला तरी कुठे बिघडला ते तुम्हाला कळतं.

जुना संच घ्यायचा असेल तर एखाद्या अनुभवी हॅमला सोबत न्या आणि प्रक्षेपण करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

वीज, आणि वरून पडणारी वीज

बहुतेक संच १३.८ व्होल्टवर चालतात. १०० वॅटचा संच बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून जाड वायर आणि दोन्ही तारांत फ्यूज. कमी शक्तीचा संच बॅटरीवर सुखाने चालतो.

दुसरी वीज अधिक गंभीर आहे. एप्रिल-मेमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, हे आपल्याकडचे विजेचे दिवस. ढग गडगडायच्या आत केबल रेडिओपासून काढा आणि तिचं टोक खिडकीबाहेर ठेवा. खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्या. थेट पडलेल्या विजेपुढे काही टिकत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेने तारेत येणारा झटका मात्र यामुळे घरात शिरत नाही. आणि तार टाकताना वीज मंडळाच्या तारा कुठून जातात ते आधी पाहा. तार निसटून पडली तरी त्यांना टेकणार नाही एवढं अंतर हवंच. इथे तडजोड नाही.

"माझ्याकडे नुसती खरखर येते"

जत्रेत उभं राहून कुजबुज ऐकायचा प्रयत्न करा, तसं हे आहे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर, लिफ्टचं नियंत्रण, सगळे सूक्ष्म रेडिओगोंगाट करत असतात. रेडिओ बॅटरीवर लावा आणि घरचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. एकेक स्विच चालू करत त्याला पकडा. आमच्या घरात तो देवघरातल्या रोषणाईच्या माळेत सापडला. खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येते आहे. तार इमारतीपासून दूर सरकवणं आणि केबल अँटेनाजवळ सात-आठ वेटोळी गुंडाळून ठेवणं, याने बराच फरक पडतो.

गोंगाट जाणारच नसेल तर एफटी८ आहे. नोबेल पारितोषिक मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने छोटे संदेश पाठवतो, आणि कानाला अजिबात न येणारे संदेशही तो खरखरीतून वेचून काढतो. गप्पा होत नाहीत, कॉलसाइन आणि आवाजाची पातळी एवढीच देवाणघेवाण. पण आपली तार कुठवर पोहोचते ते एका संध्याकाळी कळतं.

"सोसायटी परवानगी देईल का?"

तार वर गेली की कोणीतरी येऊन विचारणारच, "हा मोबाइल टॉवर आहे का?" टॉवर चोवीस तास चालू असतो, तुमचा संच बोलतानाच प्रक्षेपण करतो. या लाटा क्ष-किरणांसारख्या शरीरातले रेणू तोडणाऱ्या नव्हेत. तरीही तारेच्या टोकांना प्रक्षेपण चालू असताना हात लावला तर भाजतं, म्हणून टोकं हाताला लागणार नाहीत एवढी उंच ठेवा. शेजाऱ्याच्या स्पीकरमध्ये तुमचा आवाज आला तर त्याचं ऐकून घ्या, त्याच्या वायरीवर फेराइटचं कडं बसवून द्या. मी समितीकडे गेलो तेव्हा सोबत परवान्याची प्रत नेली, तारेचा तुकडा दाखवला आणि गळती होणार नाही असं लेखी दिलं. गच्चीला भोक न पाडता, सिमेंट भरलेल्या जुन्या डब्यात खांब उभा केला. त्याने काम झालं.

"मोबाइल असताना हे कशाला?"

मोबाइलचा आवाज टॉवरवर जातो, तिथून जमिनीखालच्या केबलमधून पुढे, आणि या सगळ्याला वीज लागते. साखळीतली एक कडी तुटली की हातात नुसता दिवा उरतो. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा हॅम मंडळींनी संच नेऊन निरोप पोहोचवले. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरला होत्या, अंदमानातून जगाशी संपर्क साधायच्या हौशी मोहिमेवर. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि त्याच संचांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला कळू लागली. त्या संपर्कांना दोन तारा, एक बॅटरी आणि दोन सराव असलेली माणसं लागली. सराव हा शब्द महत्त्वाचा. कपाटात ठेवलेला रेडिओ पुराच्या रात्री काढून कोणाला चालवता येत नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर भेटणारे गट असतात. त्यांत "नमस्कार, इथे पाऊस नाही" एवढंच बोललात तरी तुमची तार, बॅटरी आणि जीभ तयार राहते.

पहिला संपर्क

४० मीटरवर आवाजासाठी संच 'एलएसबी' (लोअर साइडबँड) वर ठेवा, २० मीटरवर 'यूएसबी' (अप्पर साइडबँड, संगणकाचं यूएसबी नव्हे) वर, ही जगभरची रूढी आहे. आधी पाच मिनिटं ऐका. जागा रिकामी वाटली तरी विचारा, कोणी आहे का. मग सीक्यू, आपला कॉलसाइन दोनदा, आणि थांबा. उत्तर आलं की समोरच्याचा कॉलसाइन, त्याचा आवाज कसा येतो ते, आपलं नाव, आपलं गाव. लगेच वहीत लिहा, कारण नोंदवही ठेवणं नियमातच आहे. माझ्या वहीतली पहिली नोंद मडगावच्या एका काकांची आहे. त्यांनी मला माझा कॉलसाइन तीनदा हळूहळू म्हणायला लावला आणि मग म्हणाले, "आता बरोबर आला, बाबा, लिहून घेतलंय."

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलीची परीक्षा अजून व्हायची आहे. तिची ऐकण्याची वही मात्र तिसऱ्या पानावर गेली आहे आणि त्यात दोन जपानी कॉलसाइन आहेत. मागच्या रविवारी आम्ही तिची तार मोजून ठेवली, दोन्ही बाजूंना साडेदहा मीटर. अर्धा मीटर जास्तच ठेवला आहे, तो तिचा परवाना आला की दोघं मिळून दुमडत बसू.